इंजेक्शन थांबते, भूक परतते : वजनाच्या औषधांनंतरचा प्रश्न जॉर्ज टाउनच्या गल्ल्यांत

चेन्नई : मद्रास उच्च न्यायालयाच्या लाल इमारतीला वळसा घालून जॉर्ज टाउनमध्ये शिरले की प्रत्येक रस्त्याचा व्यापार निराळा असल्याचे ध्यानात येते. गोडाउन स्ट्रीट कापडाचा, अँडरसन स्ट्रीट कागदाचा, नैनियप्पा नायकन स्ट्रीट रसायनांचा आणि शस्त्रक्रियेच्या साहित्याचा, तर रासप्पा चेट्टी स्ट्रीट ‘नाट्टु मरुंदु’ म्हणजे देशी जडीबुटींचा. भूक मारणारी आणि चरबी झडवणारी चूर्णे या भागात पिढ्यान्‌पिढ्या विकली गेली आहेत. आता त्यांच्या शेजारी शीतकपाटात ठेवावी लागणारी, आठवड्यातून एकदा टोचायची इंजेक्शने आली आहेत. सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ मध्ये संपली आणि देशी कंपन्यांना ही बाजारपेठ मोकळी झाली. त्यामुळे ही औषधे किती स्वस्त होणार आणि किती जण ती घेणार, याची चर्चा सर्वत्र आहे. त्याच्या पुढचा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. घेणाऱ्यांपैकी बहुतेक जण कधी ना कधी ती थांबवणार आहेत. त्यानंतर वजनाचे काय होते?

या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे आहे आणि ते बरेचसे स्पष्ट आहे. वजन परत वाढते. सर्वांचे सारखे नाही, सारख्या वेगाने नाही, पण बहुसंख्यांचे वाढते.

सेमाग्लुटाइडवरील ‘स्टेप-१’ या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन घटल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले, आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले. त्याच चाचणीतील ३२७ जणांचा औषध थांबवल्यानंतर वर्षभर मागोवा घेतला गेला. त्या अहवालाला २०२२ मध्ये एवढी प्रसिद्धी मिळाली नाही. या गटात औषध घेणाऱ्यांचे वजन १७.३ टक्के उतरले होते. औषध बंद केल्यावर वर्षभरात त्यातील ११.६ टक्के परत आले. म्हणजे शंभर किलोचा माणूस त्र्याऐंशी किलोपर्यंत आला आणि पुन्हा चौऱ्याण्णवच्या पुढे गेला. रक्तदाब, साखर आणि स्निग्धांश यांत झालेली सुधारणाही बऱ्याच अंशी ओसरली.

टिरझेपाटाइडची कथा वेगळी नाही. ‘सरमाउंट-४’ या चाचणीत ३६ आठवडे सर्वांना औषध देण्यात आले, तेव्हा सरासरी २०.९ टक्के वजन उतरले. मग अर्ध्या लोकांना नकळत औषधाऐवजी निष्क्रिय इंजेक्शन सुरू केले गेले. पुढच्या वर्षभरात त्यांचे वजन १४ टक्क्यांनी वाढले, तर औषध चालू असलेल्यांचे आणखी साडेपाच टक्क्यांनी घटले. ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी ३७ अभ्यास आणि नऊ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून जानेवारी २०२६ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो या साऱ्याचा गोषवारा म्हणता येईल. वजनाची औषधे बंद केल्यानंतर दरमहा सरासरी ४०० ग्रॅम वजन परत येते आणि या गतीने साधारण पावणेदोन वर्षांत माणूस मूळ वजनावर पोहोचतो. नुसत्या आहार-व्यायामाने वजन उतरवलेल्यांचेही ते परत येतेच, पण त्याहून पुष्कळ धिम्या गतीने.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबायला हवे. आहार आणि व्यायामाने वजन उतरवणारा माणूस ते उतरवता उतरवता काही शिकलेला असतो. किती भात घ्यायचा, सणाच्या दिवशी काय करायचे, संध्याकाळी चारची भूक कशी भागवायची, हे त्याच्या अंगवळणी पडते. इंजेक्शनवर असलेल्या माणसाला हे शिकण्याची गरजच पडत नाही. भूक लागत नाही, म्हणून तो कमी खातो. भूक परतली की त्याच्या हाताशी काहीच नसते.

दोष मनाचा की शरीराचा

वजन परत वाढले की घरचे लोक सहज म्हणतात, ‘तोंडावर ताबा नाही.’ पुरावा याच्या विरुद्ध आहे. मेलबर्न येथील संशोधकांनी ५० जणांचे वजन दहा आठवड्यांच्या कडक आहाराने सरासरी साडेतेरा किलोंनी उतरवले आणि वर्षभरानंतर त्यांच्या रक्तातील भूक-तृप्तीची संप्रेरके मोजली. भूक वाढवणारे संप्रेरक वर्षानंतरही चढलेले आणि तृप्तीची संप्रेरके उतरलेली आढळली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास आजच्या इंजेक्शनांच्या आधीचा आहे. शरीर घटलेल्या वजनाला उपासमार समजते आणि हरवलेली चरबी परत मिळवण्यासाठी खटपट करते. झुरिच येथील संशोधकांनी २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की चरबीच्या पेशी आपल्या जुन्या लठ्ठपणाच्या खुणा वजन उतरल्यानंतरही जपून ठेवतात. अमेरिकेतील वजन घटवण्याच्या एका प्रसिद्ध दूरचित्रवाणी स्पर्धेतील चौदा स्पर्धकांना सहा वर्षांनी तपासले, तेव्हा विश्रांतीच्या अवस्थेतील त्यांचा ऊर्जाव्यय अपेक्षेपेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरींनी कमी भरला. म्हणजे तेवढेच जेवून शेजारी सडपातळ राहतो आणि यांचे वजन वाढते.

जीएलपी-१ वर्गातील औषधे नेमकी या खटपटीला आवर घालतात. आतड्यातून जेवणानंतर स्रवणाऱ्या एका नैसर्गिक संप्रेरकाची ती नक्कल करतात, जठर रिकामे होण्याचा वेग कमी करतात आणि मेंदूतील भुकेच्या केंद्रावर परिणाम घडवतात. अनेक रुग्ण सांगतात की डोक्यात सतत चाललेली खाण्याची कुजबुज थांबली. सेमाग्लुटाइड शरीरात रेंगाळते. त्याचे प्रमाण निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो आणि शेवटच्या इंजेक्शननंतर साधारण पाच आठवडे त्याचा अंश रक्तात राहतो. त्यामुळे औषध सोडल्यावर पहिले काही आठवडे काहीच बिघडलेले दिसत नाही. ‘आपल्याला आता गरज नाही’ असा समज याच काळात पक्का होतो. मग दुसऱ्या महिन्यात केव्हातरी ती कुजबुज पुन्हा सुरू होते, आणि तोवर रुग्णाने डॉक्टरांकडे जाणे सोडलेले असते.

वैद्यकीय भाषेत लठ्ठपणाला आता जुनाट, पुन्हा उलटणारा आजार म्हटले जाते. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला तर कोणी रुग्णाच्या चारित्र्याकडे बोट दाखवत नाही. वजनाच्या बाबतीत मात्र आपण ते करतो, आणि म्हणून औषध सोडल्यावर फुगलेला माणूस तपासणीला जायला लाजतो. या लाजेची किंमत मोठी आहे.

उत्तर चेन्नईचा वारसा

जॉर्ज टाउनच्या उत्तर कडेला, जुन्या तुरुंगाच्या रस्त्यावर सरकारी स्टॅन्ली रुग्णालय आहे. तेथे प्रा. एम. विश्वनाथन यांनी १९४८ मध्ये मधुमेहाचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. तो देशातील पहिला मानला जातो. पुढे १९५४ मध्ये शेजारच्या रॉयपुरममध्ये त्यांनी मधुमेहाचे स्वतंत्र रुग्णालय उभारले. भारतीय मधुमेहशास्त्राचा उगम असा याच भागात आहे. देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असल्याचे २०२३ मध्ये सांगणारा आयसीएमआर-इंडियाब अभ्यासही चेन्नईच्याच मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या समन्वयाने झाला. त्याच अभ्यासात पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तामिळनाडूतील ४०.४ टक्के स्त्रिया आणि ३७ टक्के पुरुष अतिवजनाच्या वर्गात मोडले. देशाची सरासरी स्त्रियांमध्ये २४ आणि पुरुषांमध्ये सुमारे २३ टक्के होती. महाराष्ट्र त्या सरासरीच्या आसपास आहे, एवढ्याने आपण निश्चिंत व्हावे असे काही त्यात नाही.

कारण भारतीयांच्या बाबतीत काटा पुरते सत्य सांगत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपले स्वतःचे आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक सारखाच, २२.३. पण याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी होती आणि युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के. बारीक दिसणाऱ्या शरीरात दडलेली चरबी आणि मुळातच कमी असलेले स्नायू ही आपली ठेवण आहे. इंजेक्शन सोडल्यानंतरच्या प्रश्नाला येथे वेगळीच धार येते.

‘स्टेप-१’मधील काही जणांची शरीररचना तपासली असता घटलेल्या वजनापैकी जवळपास ४० टक्के भाग चरबीव्यतिरिक्तचा, म्हणजे त्यात मोठ्या प्रमाणावर स्नायूंचा असल्याचे दिसले. वजन कोणत्याही मार्गाने उतरले तरी काही स्नायू जातातच. पण परत येते ते प्रामुख्याने चरबीच्या रूपाने, विशेषतः व्यायाम नसेल तर. समजा एखाद्याने बारा किलो उतरवले आणि औषध सोडल्यावर बारा किलो परत मिळवले. काट्यावर तो जिथे होता तिथेच आहे, शरीरात मात्र स्नायू कमी आणि चरबी अधिक झालेली असू शकते. मुळातच स्नायूंची पुंजी कमी असलेल्या भारतीयाने दर लग्नसराईला औषध सुरू करायचे आणि नंतर सोडायचे, असे दोनतीन वेळा केले तर काय होईल, याची काळजी डॉक्टरांना वाटते ती यासाठी. साठीच्या पुढच्या माणसाच्या बाबतीत तर हा प्रश्न जिना चढता येण्या-न येण्याचा होतो.

सावकारपेठेतील दिनक्रम

जॉर्ज टाउनचा सौकारपेट हा भाग म्हणजे मूळची सावकारपेठ. मारवाडी, गुजराती, जैन, तेलुगू व्यापाऱ्यांच्या या वस्तीत मराठीही ऐकू येते. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून सोन्या-चांदीच्या गलाईसाठी देशभर पांगलेली कुटुंबे येथेही आहेत. गलाईचे काम, सराफी पेढी, घाऊक दुकानाची गादी हे सारे बैठे व्यवसाय. सकाळी उघडलेले दुकान रात्री बंद होते. अरुंद रस्त्यांवर हातगाड्या, दुचाक्या आणि भारवाहक यांच्या गर्दीत चालण्याचा व्यायाम अशक्यच. मिंट स्ट्रीटवर मात्र सायंकाळी जिलेबी, कचोरी, चाट आणि मुरुक्कूच्या चकत्यांमध्ये काकडी-टोमॅटो भरून बनवलेले सँडविच यांचा घमघमाट असतो. औषधाने मारलेली भूक परतते ती अशा रस्त्यावर.

आहाराचा प्रश्न चवीपुरता नाही. इंडियाब अभ्यासाचाच आहारविषयक भाग २०२५ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आला. भारतीयांच्या एकूण कॅलरींपैकी सुमारे ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांचा वाटा जेमतेम १२ टक्के आहे, असे त्यात दिसले. दक्षिणेत हा भार पांढऱ्या भातावर, उत्तरेत गव्हावर. इडली-डोसा असो वा पोहे-साबुदाणा, न्याहारीत प्रथिने थोडीच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. वजन उतरत असताना व उतरल्यावर स्नायू टिकवण्यासाठी डॉक्टर बहुधा त्याहून अधिक, १.२ ग्रॅमच्या आसपास सांगतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना ते लागू नाही. सत्तर किलोच्या माणसाला म्हणजे दिवसाला चौऱ्याऐंशी ग्रॅम. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर शिजलेल्या वरणात सहा-सात ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास. हिशेब मांडून पाहिला तर शाकाहारी घरात हे सहजी जमत नाही, आणि अंडे वर्ज्य असलेल्या जैन घरात त्याहून कठीण. डाळ, मोड आलेली कडधान्ये, ताक-दही, पनीर, सोयाबीन, शेंगदाणे यांना ताटात कडेच्या कोशिंबिरीची जागा न देता मध्यभागी आणावे लागते. जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. सूर्यास्तापूर्वी जेवण्याची जैन घरांतील रीत रात्री अकराला गादी बंद करून जेवणाऱ्या व्यापाऱ्याने उचलली, तरी रात्रीच्या अवेळी खाण्याला आपोआप कुंपण पडेल.

व्यायामाविषयीचा सर्वांत उपयोगी पुरावा कोपनहेगनहून आला आहे. तेथे लिराग्लुटाइड या जुन्या औषधावर एक चाचणी झाली. काहींना केवळ औषध, काहींना केवळ देखरेखीखालील व्यायाम, काहींना दोन्ही आणि काहींना यांपैकी काहीच नाही, असे चार गट वर्षभर ठेवले. नंतर सर्व बंद करून आणखी एक वर्ष पाहिले. केवळ औषध घेतलेल्यांचे वजन झपाट्याने परतले. व्यायाम व औषध एकत्र घेतलेल्यांनी उतरलेल्या वजनाचा आणि चरबीचा मोठा भाग राखला. व्यायामाने वजन फारसे उतरत नाही, हे आता सर्वमान्य आहे. उतरलेले वजन टिकवण्याचे काम मात्र तो करतो. ही सवय औषध बंद करायच्या दिवशी सुरू करून चालत नाही, औषध चालू असतानाच, भूक शांत असताना ती लावून घ्यावी लागते. आठवड्याला किमान १५० मिनिटे वेगाने चालणे आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. त्यातील दुसरा अर्धा आपल्याकडे नेहमी गळतो. उठाबशा, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे यांना व्यायामशाळा लागत नाही, पेढीच्या माडीवरची जागा पुरते.

तामिळनाडू सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये ‘नडप्पोम नलम पेरुवोम’, म्हणजे ‘चालू या, आरोग्य मिळवू या’ या योजनेत प्रत्येक जिल्ह्यात आठ किलोमीटरचा चालण्याचा मार्ग ठरवून दिला. कल्पना चांगली आहे. पण घाऊक बाजारातील नोकरदाराला बारा तासांच्या कामानंतर दूरच्या मोकळ्या रस्त्यावर जाऊन चालणे कितपत साधेल? ज्या रस्त्यावर तो राहतो आणि राबतो, तेथे पदपथ मोकळा झाला तर त्याला वेगळी योजना लागणार नाही.

काटा एवढेच माप नव्हे

चेन्नईतच झालेला एक जुना अभ्यास या निमित्ताने पुन्हा वाचण्याजोगा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांना चार गटांत विभागून तीन वर्षे पाहिले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. काहीच न केलेल्या गटात ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला, तर आहार-व्यायामाचा सल्ला पाळणाऱ्यांत ३९.३ टक्क्यांना. लक्षणीय गोष्ट अशी की सल्ला पाळणाऱ्या गटाचे वजन फारसे उतरलेच नव्हते. तरीही धोका घटला.

औषध सोडलेल्या आणि काटा पुन्हा वर चढताना पाहून हताश झालेल्या माणसाला यातून काही हाती लागते. दोन-चार किलो परतले म्हणून चालणे आणि ताटातील बदल वाया गेले असे नाही. कंबरेचा घेर, रक्तदाब, तीन महिन्यांची सरासरी साखर, यकृतातील चरबी यांची मोजदाद वजनाइतकीच महत्त्वाची. व्यवहारात अनेक डॉक्टर रुग्णासोबत एक मर्यादा ठरवून घेतात. वजन सर्वांत खालच्या आकड्यापेक्षा अमुक किलोंनी वाढले की लाजत न बसता भेटीला यायचे. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी काटा पाहणे यासाठी पुरते. रोज पाहून जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही.

औषध एकदम सोडावे की मात्रा हळूहळू उतरवावी, यावर अजून एकवाक्यता नाही. मात्रा सावकाश कमी केल्यास वजन टिकू शकते, असे डेन्मार्कमधील एका वजन-नियंत्रण कार्यक्रमाच्या माहितीवरून २०२४ मध्ये मांडले गेले, पण ती यादृच्छिक चाचणी नव्हती. सर्वांत कमी मात्रेवर दीर्घकाळ राहणे, दोन इंजेक्शनांतील अंतर वाढवणे असे प्रयोग डॉक्टर आपापल्या अनुभवावर करतात. रुग्णाने ते परस्पर करू नयेत. विशेषतः मधुमेहासाठी हे औषध घेणाऱ्याने ते स्वतःहून थांबवले तर आठवड्यांतच साखर चढू शकते, त्याच्या इतर गोळ्यांची मात्रा आधी ठरवून घ्यावी लागते. मूल होऊ देण्याचा विचार असलेल्या स्त्रियांसाठी उलट सूचना आहे. गर्भधारणेच्या प्रयत्नाआधी किमान दोन महिने सेमाग्लुटाइड थांबवावे, असे त्याच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. त्यांच्या बाबतीत थांबणे अटळच असल्याने पुढची आखणी सुरुवातीलाच व्हायला हवी.

पैशाचे गणित

औषध थांबण्याची कारणे अनेक. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता यांना कंटाळून काही जण सोडतात, इच्छित आकडा गाठला म्हणून काही. भारतात मात्र पैसा हे कारण मोठे ठरणार, हे सांगायला तज्ज्ञ नको. टिरझेपाटाइड ‘मौंजारो’ या नावाने मार्च २०२५ मध्ये भारतात आले, तेव्हा अडीच मिलिग्रॅमच्या एका कुपीला ३,५०० आणि पाच मिलिग्रॅमच्या कुपीला ४,३७५ रुपये पडत. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. जून २०२५ मध्ये आलेल्या ‘वेगोव्ही’चा आरंभीचा मासिक खर्च सतरा हजारांच्या पुढे होता. नोव्हेंबरमध्ये कंपनीने तो १०,८५० रुपयांवर आणला आणि डिसेंबरमध्ये ‘ओझेम्पिक’ त्याहून कमी दरात दाखल झाले. देशी पर्यायांमुळे दर आणखी उतरणे स्वाभाविक आहे.

स्वस्ताई स्वागतार्हच. मात्र तिचा एक परिणाम दुर्लक्षून चालणार नाही. महाग औषध सुरू करताना माणूस दोनदा विचार करतो आणि तज्ज्ञाकडे जातो. स्वस्त औषध तो शेजाऱ्याचे पाहून सुरू करतो आणि हातात पैसे नसतील त्या महिन्यात सोडतो. घटलेले वजन टिकवायचे तर बहुतेकांना वर्षानुवर्षे काही ना काही मात्रा लागेल, हा खर्च आरोग्य विम्यात सहसा बसत नाही. स्थूलतेवरील शस्त्रक्रियेला ठरावीक अटींवर विमा मिळतो, दर आठवड्याच्या इंजेक्शनला नाही. सहा महिन्यांचा हप्ता परवडणाऱ्या कुटुंबाला पहिल्याच भेटीत कोणी विचारायला हवे, की सातव्या महिन्याचे काय? हा प्रश्न विचारण्यात औषध विकणाऱ्याला रस नसणार, म्हणून ते काम डॉक्टरांचेच.

जागतिक आरोग्य संघटनेने १ डिसेंबर २०२५ रोजी या औषधांविषयी आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रौढांच्या लठ्ठपणासाठी ती दीर्घकाळ वापरता येतील, अशी सशर्त शिफारस त्यात आहे आणि सोबत आहार-व्यायामाचा सघन कार्यक्रम असावा, असे म्हटले आहे. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने तर औषध थांबवल्यानंतर किमान वर्षभर रुग्णाला आधार व देखरेख मिळावी, असा निकष घालून दिला. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये वजनाच्या औषधांवरील एका जनहित याचिकेत केंद्रीय औषध नियंत्रकांना तज्ज्ञांशी विचारविनिमय करून तीन महिन्यांत निर्णय घेण्यास सांगितले होते. त्या याचिकेचा रोख परवानगी आणि विक्रीवर होता. लठ्ठपणा बरा करण्याच्या दाव्यांच्या जाहिरातींना तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानेच मनाई आहे, तो कायदा किती पाळला जातो हे कोणत्याही शहरातील भिंती सांगतील. पण विक्रीवर कितीही पहारा बसवला, तरी औषध सोडून घरी बसलेल्या माणसापर्यंत तो पोहोचत नाही.

तामिळनाडूला ते अवघड जाऊ नये. ‘मक्कळै तेडि मरुत्तुवम’ या योजनेखाली ऑगस्ट २०२१ पासून आरोग्यसेविका मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांच्या घरी औषधे पोहोचवतात. या कामाला २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. ज्या दारात रक्तदाबाचे यंत्र आणि साखर तपासण्याची पट्टी जाते, तेथे कंबरेचा घेर मोजण्याची फीत नेण्यास काही रुपयांपलीकडे खर्च नाही. औषध केव्हा सुरू केले, केव्हा सोडले आणि त्यानंतर दर तिमाहीला काय घडले, एवढी नोंद झाली तरी भारतीय शरीरांवर या औषधांचा थांबल्यानंतरचा परिणाम काय होतो, याची माहिती जमू लागेल. आतापर्यंतचे बहुतेक मोठे अभ्यास युरोप-अमेरिकेतील, आपल्याहून वजनदार रुग्णांवर झाले आहेत. महाराष्ट्रात आशा कार्यकर्त्या घरोघरी जाऊन तीस वर्षांवरील लोकांची असंसर्गजन्य आजारांची जोखीम पाहतात, त्यांच्या अर्जातही कंबरेचा घेर विचारला जातो. त्याच्याशेजारी वजनाच्या इंजेक्शनसाठी एक रकाना वाढवावा लागेल.